तपासून पाठवलं आहे!

"चुकायचा प्रश्नच येत नाही, बाई! माणूस मध्ये आला की चूक होते. मी माणूसच मधून काढून टाकलाय!"

हे वाक्य झटपटने शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, ग्रंथालयातल्या फिरत्या खुर्चीत मागे रेलून म्हटलं. शनिवारी दुपारी बारा वाजता तो त्याच खुर्चीमागे उकिडवा बसला होता, आणि आपण स्वतःच माणसांतून उठलो तर किती बरं होईल, असा विचार करत होता. मधल्या अठरा तासांत काय झालं ते ऐका.

झटपट हे त्याचं खरं नाव नव्हे. पण "होईल झटपट", "करतो झटपट", "पाठवतो झटपट" याशिवाय त्याच्या तोंडून चौथं वाक्य निघेना, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे नाव चिकटलं, ते चिकटलंच. कॉम्प्युटर तो कुठे शिकला नव्हता. बिघडवत बिघडवत शिकला. घरातला एक, मामाचा एक आणि शेजाऱ्यांचे दोन, एवढ्यांचा बळी देऊन त्याला विद्या आली होती.

ग्रंथालय होतं दुसऱ्या मजल्यावर. चव्वेचाळीस पायऱ्या! लिफ्ट नाही. त्यामुळे झालं काय, की ज्यांच्याकडे गुडघे होते त्यांना वाचायला वेळ नव्हता, आणि ज्यांच्याकडे वेळ होता त्यांचे गुडघे गेले होते. तीस खुर्च्यांच्या दालनात दिवसाला चार वाचक यायचे. त्यातला एक पंख्यासाठी यायचा.

झटपटला हे बघवेना. पोरगा उतावळा होता, पण मनाचा सरळ. त्याने योजना काढली. खाली रस्त्यावर, दाराशी एक पेटी. वाचकाने चिठ्ठीवर चारच गोष्टी लिहायच्या: सभासद क्रमांक, कपाट, पुस्तक आणि पान. झटपट ते पान मशीनवर टिपणार आणि ईमेलने घरी धाडणार. वाचकाला पायरी चढायला नको की उतरायला नको!

चिठ्ठीवर नाव नसायचं. हा ग्रंथपाल बाईंचा दंडक. "कोण काय वाचतं, हे वाचणाऱ्याला ठाऊक असावं आणि कपाटाला. तिसऱ्याला नाही," असं त्या म्हणायच्या, आणि तेही अगदी हळू. बाईंच्या आवाजाचं गणित उलटं होतं. वीस वर्षं 'शांतता राखा' या पाटीखाली बसून त्यांचा राग वर चढायच्या ऐवजी खाली उतरायला शिकला होता. बाई नेहमीसारख्या बोलल्या तर समजायचं, सगळं ठीक. कुजबुजल्या तर पळायचं! नुसते ओठ हलले आणि आवाजच आला नाही, असं आजवर एकदाच घडलं होतं, आणि त्या माणसाने म्हणे शहरच सोडलं.

तर झटपटने स्वतःच एक प्रोग्राम लिहिला. आदल्या संध्याकाळी पानं टिपून ठेवायची. सकाळी चिठ्ठ्यांवरचे क्रमांक वरून खाली भरायचे. पहिल्या क्रमांकाला पहिलं पान, दुसऱ्याला दुसरं. एक बटण दाबलं की सगळं रवाना! प्रत्येक ईमेलच्या डोक्यावर ठळक अक्षरांत आपोआप छापून यायचं: 'आपण मागितलेला मजकूर. तपासून पाठवला आहे!'

"तपासतं कोण?" बाईंनी विचारलं होतं.

"कोणी नाही. पण असं लिहिलं की लोकांना धीर येतो!"

बाई काहीतरी पुटपुटल्या. तेव्हाच पळायला हवं होतं.

कारण मशीन होतं महिन्याभराच्या बोलीवर आणलेलं, आणि झटपट स्वतःही तसाच, बोलीवरचा! शनिवारी बारा वाजता ग्रंथालयाचे अध्यक्ष येऊन निकाल देणार होते. योजना पसंत पडली तर मशीनही राहणार आणि झटपटही. एक जरी तक्रार आली, तर दोघांची पाठवणी. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. अजूनही ते रस्त्याने निघाले की पन्नाशीचे बाप्ये सायकलवरून उतरून उभे राहायचे.

शुक्रवारी संध्याकाळी पेटीत सहा चिठ्ठ्या निघाल्या. झटपटने सहा पुस्तकं काढली, सहा पानं टिपली, चिठ्ठ्या त्याच क्रमाने रचून वर स्टेपलर ठेवला आणि वर दिलेलं वाक्य फेकून, शीळ घालत घरी गेला.

आता इथे अनुक्रमकाका येतात.

अनुक्रमकाका म्हणजे ग्रंथालयाचे सूचीकार. एकतीस वर्षं पुस्तकं क्रमाने लावून लावून त्यांचं असं झालं होतं, की जगात कुठेही दोन वस्तू उलटसुलट दिसल्या तर त्यांना ठसका लागायचा. टेबलावरची पेनं उंचीप्रमाणे. छत्र्या रंगाप्रमाणे. पुतणीच्या लग्नात फोटो काढून झाल्यावर त्यांनी अख्खं खानदान वयाप्रमाणे उभं करून पुन्हा फोटो काढायला लावला होता. चुलत आत्या वय सांगेना, म्हणून जेवणं अर्धा तास खोळंबली!

शनिवारी सकाळी काका सगळ्यांत आधी आले. बघतात तर स्टेपलरखाली चिठ्ठ्या! सत्त्याऐंशी, मग एकशे तीस, मग नऊ, मग तीनशे चाळीस, मग चारशे पंधरा, आणि शेवटी दोनशे चार!

काकांना ठसका लागला.

"अरे अरे अरे! पोरगं धांदरट आहे हो. आज त्याची परीक्षा, आणि हा पसारा! आपण नाही तर कोण मदत करणार?"

आणि काकांनी मोठ्या मायेने चिठ्ठ्या लावल्या. नऊ, सत्त्याऐंशी, एकशे तीस, दोनशे चार, तीनशे चाळीस, चारशे पंधरा. कडा जुळवल्या. स्टेपलर सरळ केला. समाधानाने एक सुस्कारा सोडला, आणि कोणाला न सांगता आपल्या कपाटांकडे निघून गेले. गुप्तदान!

दहा वाजता झटपट आला. केस विंचरून, नवा शर्ट घालून. क्रमांक भरले. बटण दाबलं. टुक, टुक, टुक, टुक, टुक, टुक! सहाही गेले.

"बघितलंत, बाई? चहा गार व्हायच्या आत!"

सव्वादहाला फोन वाजला.

"ग्रंथालय का? मी एकशे तीस नंबर. ते तुमचं आलं हो. तपासून पाठवलंय म्हणून मी सगळं तसंच करायला घेतलंय. फक्त एक विचारायचं होतं. चोच कशी उघडायची?"

"कोणाची चोच?"

"भाडेकरूची!"

झटपटने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. पुन्हा कानाला लावला.

"ताई, तुम्ही मागितलं काय होतं?"

"भाडेकरूला घर रिकामं करायला लावायची नोटीस. वकिली पुस्तकातला नमुना. पण तुम्ही पाठवलंय ते फार वेगळं आहे हो! 'त्याला इतरांपासून वेगळा ठेवा. उबदार जागी बसवा. चोच अलगद उघडून कोमट पाणी थेंब थेंब घाला. पंखाखाली हात घालून ताप बघा.' तेवढं कोमट पाणी मी नेऊन दिलंय. आता तो माझ्याकडे टक लावून बघतोय. पुढे काय करू?"

"काही करू नका! मी... मी बघतो झटपट!"

फोन ठेवतो न ठेवतो तोच पुन्हा वाजला. या वेळी दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून. आणि स्वतः डॉक्टर!

"अरे माणसा, मी तुझं काय वाकडं केलंय?"

"काय झालं, डॉक्टरसाहेब?"

"मी लेख मागितला होता, 'घाबरलेल्या मुलाशी कसं बोलावं' हा. सकाळी हात गुंतलेले होते, म्हणून स्वागतकक्षातल्या मुलीला म्हटलं, आला की छाप आणि भिंतीवर लाव, येणाऱ्या आईबापांना वाचता येईल. तिने तपासून पाठवलंय असं वाचलं आणि न वाचताच लावून टाकला! आता ऐक, भिंतीवर काय आहे. 'ये! किती पळशील? आज तू माझ्या तावडीत आहेस! फोड किंकाळ्या! या भिंतींपलीकडे त्या कोणालाही ऐकू जायच्या नाहीत! हाऽ हाऽ हाऽ!' पाच पेशंट होते बाहेर. तिघं जिन्याने पळाले. एकाची दाढ दुखायची थांबली! आणि एक आजीबाई हात जोडून म्हणाल्या, डॉक्टर, मला कवळीच नको!"

झटपटने कसंबसं "बघतो झटपट!" म्हटलं. फोन ठेवला. वळून बघतो तर बाई मागे उभ्या.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. कुजबुजत.

"काही नाही! झटपट..."

इतक्यात जिन्यात धाप लागल्याचा आवाज आला. कोणीतरी एकेक पायरी चढत होतं, आणि प्रत्येक पायरीला एकेक शिवी हासडत होतं. चव्वेचाळीस शिव्या, एकही दोनदा नाही! दारात कबुतरवाले आजोबा उभे राहिले. सभासद क्रमांक नऊ. ग्रंथालय निघालं तेव्हापासूनचे, आणि दोन वर्षांत एकदाही न आलेले. ज्यांच्या गुडघ्यांसाठी झटपटने ही सगळी योजना काढली, तेच हे गुडघे! कोटाच्या आत, छातीशी धरलेलं एक कबूतर डोकं बाहेर काढून बघत होतं. त्याचे डोळे गरगरत होते.

"कुठाय तो तपासणारा?"

"आजोबा, बसा आधी. पाणी घ्या."

"पाणी नको! माझी कबुतरं आजारी आहेत म्हणून औषध विचारलं मी. तुझा कागद म्हणतो, 'दोन सुलट, दोन उलट. शेवटचं सोडून द्या. पुन्हा पहिल्यापासून.' मी म्हटलं, काहीतरी नवीन उपचार असेल. छापलंय पुस्तकात, वर तपासलंय! दोन सरळ धरली, दोन उलटी धरली, शेवटचं सोडून दिलं. पुन्हा पहिल्यापासून! अकरा होती. आता हे एकच उरलंय, आणि त्याला वर कुठे आणि खाली कुठे ते कळेनासं झालंय!"

बाईंनी हात पुढे करून त्यांचा कागद घेतला. बघितला.

"हा स्वेटरचा गळा आहे," बाई म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला होता, की तो झटपटला कानांनी नाही, पोटाने ऐकू आला.

त्यानंतर दाराला उसंत नव्हती. डॉक्टर पांढऱ्या कोटातच आले. घरमालकीण आली. पोस्टमन आला, तो टपाल द्यायला नाही, तर हातात कागद फडकवत. हौशी नाटकात त्याला खलनायकाचं काम मिळालं होतं, त्याचं मुख्य भाषण त्याने मागितलं होतं, आणि आज तालीम होती.

"मला उंट आलाय!" पोस्टमन ओरडला. "'आधी एक मोठा गोल काढा. त्यावर दोन डोंगर काढा. खाली चार काठ्या.' दिग्दर्शक म्हणाले, खलनायकाच्या मनातलं वाळवंट असेल, करून बघ! अख्ख्या मंडळीसमोर मी नायिकेला खांबाला बांधून उंट काढत बसलो हो!"

"हाऽ हाऽ हाऽ वालं तुमचं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमच्याकडे आहे? द्या इकडे!"

"भिंतीवर आहे. या, काढून घ्या. चिकट आहे फार!"

दालनात एकच गलका उडाला. आवाज ऐकून खालचे दुकानदार वर आले, ते बघून रस्त्यावरचे वर आले. पंख्यासाठी येणाऱ्या वाचकाला जन्मात पहिल्यांदा पंख्याखालची जागा मिळाली नाही. झटपट कॉम्प्युटरपुढे बसून, घामाने निथळत, प्रोग्राममधली चूक शोधत होता. चूक सापडेना. कारण प्रोग्राममध्ये चूक नव्हतीच! मग त्याची नजर चिठ्ठ्यांवर गेली. नऊ, सत्त्याऐंशी, एकशे तीस... कडा अगदी जुळवलेल्या. जगात एवढ्या नीट कडा जुळवणारा एकच माणूस होता.

त्याने मान वर केली. कपाटांच्या मधून अनुक्रमकाका बघत होते. त्यांनाही आत्ताच कळलं होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि एकतीस वर्षांत एक पुस्तक चुकीच्या जागी गेलेलं नाही!

घड्याळात बाराचे ठोके पडले. दारातला गलका एकदम थांबला. अध्यक्ष आले!

झटपट कसा कोण जाणे, खुर्चीच्या मागे पोचला. उकिडवा बसला. डोळे मिटले. बुटांचा आवाज जवळ आला, खुर्चीशी थांबला. आता गर्जना होणार! त्याने कानांवर हात ठेवले.

गर्जना झाली नाही. त्याऐवजी कडकड आवाज झाला. तो अध्यक्षांच्या गुडघ्यांचा होता. ते खाली बसत होते! झटपटच्या अगदी समोर, फरशीवर.

"मी तुझ्या उंचीला येऊन बोलतो," अध्यक्ष म्हणाले. आवाज असा, जणू मधात बुडवून काढलाय. "भीती वाटतेय ना? वाटू दे. भीती वाटणं वाईट नसतं. आता एक मोठा श्वास घे बरं. शाब्बास! कुठे दुखतंय, ते नुसतं बोटाने दाखव."

बाईंच्या हातातली पेन्सिल खाली पडली. डॉक्टर मात्र टाचा उंचावून बघायला लागले.

"हा माझा लेख!" ते म्हणाले. "शब्द न् शब्द तोच! यांच्याकडे गेलाय तर!"

झटपटने बोटाने चिठ्ठ्या दाखवल्या. अध्यक्षांनी त्या चाळल्या.

"या क्रमाने लावल्या कोणी?"

कपाटांमागून काका पुढे आले. "साहेब, त्या..."

"मी!" झटपट उठून उभा राहिला. "म्हणजे कोणीही लावलेल्या असोत, पानं मी पाठवली. एक पान उघडून बघितलं असतं तरी कळलं असतं. मी बघितलंच नाही. आणि वर 'तपासून पाठवलं' असं छापलं. ते खोटं होतं. चूक माझी."

दालनात इतकी शांतता पसरली, की बाईंना वीस वर्षांत पहिल्यांदा पाटीची गरज वाटली नाही. फक्त आजोबांच्या कोटातून एकदा गुटर्गू झालं.

"मग ही योजना बंद करायची का?" अध्यक्षांनी लोकांकडे वळून विचारलं.

"बंद?" कबुतरवाले आजोबा उसळले. "आणि मला काय पुन्हा हे जिने चढायला लावणार? घरी बसून वाचायला मिळतं म्हणून तर हुरूप आला होता. नीट पाठवा म्हणावं! कबुतरं काय, दाणे टाकले की संध्याकाळी येतील परत. निदान उडाली तरी! महिनाभर पंख फुगवून बसली होती."

"माझं तर बरंच झालं," घरमालकीण म्हणाली. "कोमट पाणी दिलं, तर तो भाडेकरू रडायलाच लागला. अंगात ताप होता हो त्याच्या! चार दिवस दार लावून पडून होता, आणि मी समजत होते तोंड चुकवतोय. आता नोटीस नको मला. कोमट पाण्यानंतरचं पान तेवढं पाठवा."

"माझाही लेख उपयोगाचा आहे म्हणजे," डॉक्टर अध्यक्षांकडे बघत म्हणाले. "एवढ्या माणसांसमोर चाललाय!"

"ते सगळं ठीक," पोस्टमनने कागद उंच धरला. "पण हा उंट कोणाचा?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्ष खाकरले. टाय सैल केला. पुन्हा खाकरले.

"माझा," ते म्हणाले. "नात परदेशी असते. फोनवर म्हणाली, आजोबा, उंट काढून दाखव. मी काढला. ती म्हणाली, छान आहे, पण हे टेबल का काढलंस?"

क्षणभर कोणालाच हसायचा धीर होईना. मग अध्यक्ष स्वतःच हसले, आणि दालनाचं छतच उडालं! पोस्टमनने तिथल्या तिथे त्यांना दोन डोंगर आणि चार काठ्या शिकवल्या. सकाळच्या तालमीने त्याचा हात चांगलाच बसला होता. अध्यक्षांनी पहिला उंट काढला, दुसरा काढला, आणि तिसऱ्याच्या पोटात सही करून बाईंच्या हातात दिला.

"योजना मंजूर. मशीन राहील, हा मुलगाही राहील. अट एकच. पाठवण्याआधी प्रत्येक पान उघडून बघायचं, आणि ते दोघांनी बघायचं. एकाला घाई आहे आणि एकाला शिस्त. दोघांना एका टेबलावर बसवा."

काकांनी खिशातून रुमाल काढला. डोळे पुसले आणि रुमालाची घडी चार कोपरे जुळवून केली. झटपटला ते बघून असं भरून आलं, की त्याच्या तोंडून चौथं वाक्य निघालं.

"सावकाश करू, काका."

मग दोघं टेबलाशी बसले. एक पान उघडायचं, चिठ्ठी वाचायची, पुस्तक ताडायचं, मग पाठवायचं. कबुतरांचं औषध आजोबांना गेलं. लेख डॉक्टरांना, भाषण पोस्टमनला, उंट अध्यक्षांना. प्रत्येक 'टुक'ला टाळ्या! घरमालकिणीने तर नोटीस नको म्हणून तिची चिठ्ठीच फाडून टाकली.

"पाच झाल्या," काका म्हणाले. "स्वेटरचा गळा राहिला. सत्त्याऐंशी नंबर."

"आणि ती नोटीस?" बाईंनी विचारलं. आवाज नेहमीचा होता. सगळं ठीक! "ती सकाळी कोणाला गेली म्हणायची?"

"त्याच सत्त्याऐंशी नंबरला," झटपट म्हणाला. "कोण आहे कोण जाणे. तक्रार तर नाही आली." त्याने चिठ्ठी हातात घेतली, आणि आज पहिल्यांदाच ती नीट वाचली. गोल, ठसठशीत अक्षर. असंच अक्षर घरी दुधाच्या पातेल्याजवळच्या कागदावर असायचं: 'बंद कर रे मेल्या, उतू जाईल.'

"काका," तो म्हणाला. "आईला... मी आईला घर रिकामं करायची नोटीस पाठवलीय."

"तपासून!" काका हबकून म्हणाले.

जिन्यात पावलं वाजली. या पायऱ्यांवर आज कोणी इतकं शांतपणे चढलं नव्हतं. दारात आई उभी. एका हातात फोन, दुसऱ्या हातात झटपटची मोठी बॅग, गच्च भरलेली, चेन लागत नव्हती म्हणून वरून सुतळी.

"तुझं पत्र मिळालं," आई म्हणाली. "तीस दिवसांत जागा रिकामी करा, असं लिहिलंयस. घर माझ्या नावावर आहे. मग रिकामं कोणी करायचं? आणि तीस दिवस कशाला? तुझं सगळं झटपट असतं ना!"

"आई, अगं, ते तुला नव्हतं! तुला गळा पाठवायचा होता!"

"गळा? माझा गळा धरायला निघालास?"

"स्वेटरचा, आई! स्वेटरचा!"

हसू दाबून दाबून डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. अध्यक्ष पुन्हा कडकड करत गुडघ्यांवर बसायला लागले, तेव्हा बाईंनी त्यांना दंडाला धरून थांबवलं. काकांनी घाईघाईने गळ्याचं पान उघडलं, दोनदा ताडलं आणि पाठवलं. आईच्या हातातला फोन टुक वाजला. तिने तो डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचला. मग पोराकडे बघितलं. त्याचा घामाने भिजलेला नवा शर्ट बघितला. टेबलावरचा सही केलेला उंटही बघितला.

"राहिली का नोकरी?"

"राहिली, आई. पक्की झाली!"

"बरं झालं." तिचा ओठ किंचित हलला. "तुझ्याचसाठी विणणार होते. मान लांब आहे तुझी, उंटासारखी." आणि बॅग तिथेच ठेवून ती वळली. दोन पायऱ्या उतरून थांबली.

"आणि ती बॅग तूच उचल हं. ती काही ईमेलने जायची नाही!"